म्हशीची डावी बाजू

३ फेब्रुवारी, सोमवार

बाबा आज परत पडले. परत डावीकडूनच! एवढं मोठं लढाऊ विमान डाव्या अंगाला येऊन गोळ्या घालतं, आणि हे मला विचारतात, "आलं कुठून रे ते?" आभाळातून आलं! दुसरीकडून कुठून येणार?

मी ओरडलो. "बाबा, डोळे उघडे ठेवून उडवा ना जरा!" मग जीभ चावली. समोर असतो तर कानाखाली बसली असती. पण मध्ये समुद्र आहे आणि कानाला हेडफोन. ते एवढंच म्हणाले, "म्हैस वळत नाही, त्याला मी काय करू?"

म्हैस म्हणजे आमचं विमान. खेळ जुन्या महायुद्धातल्या विमानांचा. गेल्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझ्यापुरता कॉम्प्युटर लावला होता. बाबा मागे येऊन उभे राहिले, जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "सरक." झालं! मी त्यांना एक हलकं, चपळ विमान काढून दिलं होतं. म्हणाले, हे नको, हे सुपासारखं हलतंय. मग सगळ्यांत अवजड होतं ते घेतलं. पुढे एकच इंजिन, पंखांत आठ बंदुका, आणि पोट हे एवढं! "जन्मभर ट्रक हाकला. मला जडच बरं." हलकी विमानं म्हणजे त्यांच्या भाषेत भिंगऱ्या. भिंगरी मलाही म्हणतात, लहानपणापासून. पायाला भिंगरी लागलेला म्हणून. शाळा अर्धवट सोडली, नोकऱ्या सोडल्या, शेवटी देशही सोडला. त्यांचं काही चुकत नाही म्हणा.

म्हशीचा नियम साधा आहे. आधी गुपचूप उंच जायचं. खाली भिंगरी दिसली की दगडासारखं तिच्यावर पडायचं, एकदाच गोळ्या घालायच्या, आणि त्याच वेगात सरळ निघून जायचं. वळून झुंजायचं नाही. वळलास की मेलास. म्हणून म्हशीला जोडीदार लागतो. एकाने पडायचं, दुसऱ्याने वरून राखायचं.

माझी सकाळ ती त्यांची दुपार. ते शाळेची गाडी चालवतात. सकाळी पोरं सोडायची, शाळा सुटली की आणायची. मधल्या वेळात आमचं युद्ध. मग "चल, पोरं सुटतील" म्हणून ते उठतात, आणि मी आवरून दुसऱ्या पाळीला गोदामात.

फोनवर आमचं बोलणं कायम तेवढंच. "जेवलास?" "हो." "आईला देतो." खेळात मात्र बोलतो आम्ही. म्हणजे भांडतो. तेही बरंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जागेवरून भांडण. मी सांगतो, बाबा, तुम्ही माझ्या उजव्या बाजूला उडा, म्हणजे तुमची डावी बाजू मी राखतो. सगळे तुम्हाला तिकडूनच तर मारतात! ते ऐकतच नाहीत. सरकत सरकत माझ्या डाव्या बाजूला येतात.

"का पण?"

"मला तू दिसला पाहिजेस."

"उजव्या बाजूला असलात तरी दिसेन ना!"

"नाही दिसत. वाद घालू नकोस."

हट्टी माणूस. कुणी म्हणावं, पोरगा नजरेआड जाऊ नये म्हणून किती जीव! घरी होतो तेव्हा नजरेसमोर आलो की कपाळाला आठी.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. खोलीतला सोबती दिवसभर घोरला. तो गोदामात लाकडी खोकी ठोकतो, सुतार आहे. सगळे त्याला भोंगा म्हणतात. जागेपणी बोलतो म्हणून की झोपेत घोरतो म्हणून, ते कुणालाच माहीत नाही.

आईला फोन केला. मागून बाबांची बडबड चालू. गाडीचा डावा आरसा फुटला. महिन्यात दुसऱ्यांदा! "लोक कुठेही खांब रोवतात." आई म्हणाली, खांब काय आज रोवलाय का? तर तिच्यावरच उखडले.

मला हसू आलं. मी गाडीला एक ओरखडा काढला होता, एकच! तेव्हापासून चावी माझ्या हाताला लागू दिली नाही. "तुझं लक्ष नसतं. डावा आरसा, उजवा आरसा, मग समोर. पाठ कर." आता स्वतःचा आरसा गेला की खांबाची चूक. आपला तो बाब्या!

१२ फेब्रुवारी, बुधवार

जिंकलो!! एकदा नाही, सकाळभर!

युक्ती सापडली. मी गप्प बसायचंच नाही. डोळे माझे, म्हैस त्यांची. "बाबा, डावीकडे एक. वर आहे. अजून लांब. आता जवळ. आता खाली घाला!" की ते घालतात. आणि काय घालतात! नेम असा की भिंगरीचे दोन तुकडे. ट्रक उताराला लावतात तसं विमान खाली सोडतात, हात जराही हलत नाही.

उठताना म्हणाले, "आज बरं केलंस."

मी हेडफोन काढलाच नाही बराच वेळ. पलीकडे कोणी नव्हतं. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग आई भांडी आवरत असल्याचा. मग गाडी सुरू झाली. ऐकत बसलो. आज बरं केलंस! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परत जिंकलो. भोंगा म्हणतो, "रात्री झोपेत 'डावीकडे, डावीकडे' ओरडत होतास. मी घाबरून उजवीकडे पडलो, थेट पलंगाखाली!"

१७ फेब्रुवारी, सोमवार

गोदामात डोळे तपासले. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सगळ्यांचे दरवर्षी तपासतात. अक्षरं वाचली. मग नर्सबाई समोर बसली. "माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बाजूने बोट आणते, दिसलं की बोला." उजवीकडून बोट आणलं, डावीकडून आणलं. मी म्हटलं, बाई, समोर नाक दिसतंय ना, तेवढं पुरे नाही का? ती म्हणाली, "नाकासमोर सगळ्यांनाच दिसतं. माणसं चिरडतात ती बाजूला." मग सांगत बसली. एका ड्रायव्हरची एक बाजू गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, असं कसं, अर्धं दिसत नाही तर अंधार दिसेल ना! म्हणाली, अंधारही दिसत नाही. तुम्हाला पाठीमागे अंधार दिसतो का? काहीच नसतं तिथे. तसं.

पास झालो. शिक्का मिळाला.

पाठीमागे अंधार दिसतो का म्हणे. दिवसभर मान वळवून वळवून बघत होतो. भोंगा म्हणाला, कुणाची उधारी आहे का तुझ्यावर?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

घाईत लिहितोय. अक्षर वाईट येणार.

आज बाबा खेळायला आले नाहीत, मधल्या वेळात आरसा बसवायला गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले होते. म्हणून मी जुन्या लढाया काढून बसलो. खेळात त्या साठवलेल्या राहतात. परत बघता येतात, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनीही बघता येतात. म्हणजे बाबांच्या पडद्यावर तेव्हा काय दिसत होतं, ते जसंच्या तसं. मला त्यांचा नेम बघायचा होता. कौतुकाने बघायला बसलो होतो मी!

ती सोमवारची लढाई लावली. मी ओरडलो होतो ती. बाबांच्या पडद्यावर समोर निळं आभाळ. डावीकडून भिंगरी आत आली. लांबून नाही, लपून नाही. चांगली ताटाएवढी दिसत होती! पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात ती निवांत तरंगतेय, आणि बाबा काहीच करत नाहीत. विमान सरळ चाललंय. मला वाटलं, आता वळतील, आता खाली घालतील. काही नाही. मग ती सरकत मधोमध आली, मधली रेघ ओलांडली, आणि त्याच क्षणी म्हैस दचकली. एकदम. कुणी झोपेतून हलवावं तशी.

"आलं कुठून रे ते?"

दुसरी लढाई लावली. तसंच. तिसरी, तसंच! उजवीकडून आलेली माशीसुद्धा त्यांना दिसते. डावीकडून हत्ती आला तरी मधली रेघ ओलांडेपर्यंत नाही.

मग त्या जिंकलेल्या लढाया लावल्या. तिथे मी बोलत होतो. मी "डावीकडे" म्हटलं की ते पडदा तिकडे फिरवतात, भिंगरी मधोमध येते आणि मग ती त्यांना दिसते. म्हणजे त्यांना दिसत नव्हतंच. मी सांगत होतो. दोष होता तो मीच झाकला, आणि जिंकलो म्हणून नाचलो.

नर्सबाईचं बोट. फुटलेला डावा आरसा. मला तू दिसला पाहिजेस.

आणि मग आठवली ती वेगळीच गोष्ट. गाडीचं दार डावीकडे आहे. पोरं डावीकडे उभी असतात. डावीकडूनच चढतात आणि डावीकडेच उतरतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बाबा खेळायला आले. मी नेहमीसारखं बोलत राहिलो. तोंडातून निघेना दुसरं काही. जिंकलो. ते खूश होऊन गाडी घेऊन गेले.

मग आईला फोन लावला. आडवळणाने विचारलं, बाबांचं हल्ली काही वेगळं वाटतं का?

"वेगळं काय? चिडचिड वाढलीय. पेपर वाचत नाहीत, म्हणे नीट छापत नाहीत. आणि जेवण कमी झालंय. ताटात डावीकडचं तसंच राहतं. मी म्हटलं, माझ्या हाताची चव बिघडली असेल. मीठ कमी घालून बघितलं, जास्त घालून बघितलं."

मी म्हटलं, आई, उद्या जेवताना अर्ध्यात ताट फिरव. काही बोलू नकोस, नुसतं फिरव.

"कशाला?"

"फिरव तू."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईचा फोन. आवाज बारीक. ताट फिरवलं. त्यांनी सगळं खाल्लं. वर म्हणाले, "हे आधी का नाही वाढलंस?"

मी सगळं सांगितलं. ती मध्येच म्हणाली, पण गाडीत मावशी असते ना! मावशी म्हणजे पोरांना चढवणारी-उतरवणारी बाई. दारात उभी राहून ओरडत असते: थांबा हो, डावीकडे सायकल आहे, सावकाश, पोरगं अजून खाली आहे. बाबा म्हणतात, फार बडबडी बाई आहे, डोकं उठवते.

म्हणजे मावशीही तेच करत होती! खेळात मी, रस्त्यावर ती. दोघांपैकी कुणालाच पत्ता नाही.

"पण ती येत्या सोमवारपासून नाही," आई म्हणाली. "लेकीचं बाळंतपण आहे. हे म्हणतात, बरं झालं, जरा शांततेत गाडी चालवता येईल."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सांगितलं बाबांना. सरळ सांगितलं. तिळपापड झाला त्यांचा!

"मला दिसत नाही? मला? तुझ्या जन्माआधीपासून घाट उतरवतोय मी. एक माणूस कधी लागला नाही गाडीला. तू एका गाडीत टिकला नाहीस, एका नोकरीत टिकला नाहीस, आणि तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस?"

मी म्हटलं, बाबा, एक लढाई करू. तुम्ही आणि मी, समोरासमोर. दोघांकडे म्हैस.

"ये," म्हणाले. "बघू कुणाचे डोळे फुटलेत."

मी आलो. उंच गेलो नाही, लपलो नाही, गोळी घातली नाही. वेग कमी केला, चाकं खाली सोडली, आणि अगदी हळू त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. म्हणजे आभाळात जेवढं उभं राहता येतं तेवढं. पंखाला पंख लागेल इतका जवळ. त्यांच्या विमानाच्या पोटावरचे खिळे मोजता आले असते.

"कुठे लपलास रे?" ते म्हणाले.

"लपलो नाही."

"मग समोर ये की. भित्रा लेकाचा!"

"तुमच्या डावीकडे आहे."

"डावीकडे कोणी नाही."

"बाबा, मी तुमच्या पंखाला लागून आहे."

त्यांचं विमान सरळ चाललं होतं. छान चाललं होतं, जराही हलत नव्हतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी पडदा फिरवला असणार, मला ते दिसत नाही. पण त्यांचा श्वास थांबला. मी दिसलो असेन, त्यांच्या मधोमध, एवढा मोठा.

मला वाटलं, झालं. कळलं त्यांना.

मग खुर्ची सरकली. "पोरं सुटतील," म्हणाले. आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज.

मी "बाबा, बाबा" ओरडत होतो. टेबलावर पडलेल्या हेडफोनमध्ये!

२२ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी तिकडे शाळा नसते. श्वास घ्यायला दोन दिवस मिळाले.

आई म्हणते, काल पोरं सुखरूप पोचवून आले. मावशी होती सोबत. आल्यावर जेवले नाहीत. आज सकाळपासून गाडी धुतायत. आईने दवाखान्याचं काढलं तर म्हणाले, "खेळ आहे तो. खेळात काय, वाट्टेल ते दाखवतात. त्याच्यासाठी मी डॉक्टरकडे जाऊ? गावभर होईल. उद्या कोण पोरं पाठवेल माझ्या गाडीत?"

त्यांना कळलंय. कळलं नसतं तर मला शिव्या घातल्या असत्या. माझं नावही काढत नाहीत.

भोंग्याला सांगितलं. त्याने हातोडी खाली ठेवली, म्हणजे ऐकत होता. म्हणाला, "बापाच्या पोटावर पाय देणार तू?"

मी म्हटलं, मग पोरं?

"तुझ्या बापाला सांग."

"सांगितलं."

"मग परत सांग."

"सोमवारी मावशी नाही."

तो बराच वेळ एक खिळा चघळत बसला. मग म्हणाला, "मला दोन पोरी आहेत. शाळेच्या गाडीने जातात." आणि परत ठोकायला लागला. पुढे बोललाच नाही. भोंगा!

२३ फेब्रुवारी, रविवार

केलं.

आईला म्हटलं, शाळेतल्या मोठ्या बाईंचा घरचा नंबर दे. तिने कशाला ते विचारलं नाही. नंबर सांगितला. मी लिहून घेतला तरी परत एकदा सांगितला. मग म्हणाली, "ह्यांना कळलं तर घरात राहायचं मला आहे." आणि फोन ठेवला.

बाई म्हणजे आमच्याच बाई. मला दोनदा शाळेतून काढायला निघालेल्या.

"कोण? तोच ना रे, तासाला खिडकीतून उडी मारणारा?"

"हो बाई."

"आता काय केलंस?"

मी सांगायला लागलो. विमानं, म्हैस, भिंगऱ्या, ताट, आरसा. ऐकताना मलाच ते येड्यासारखं वाटत होतं. त्या मध्ये बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत तुझी एकही थाप मी पचवली नाही. आठवतं?"

"हो."

"थापा मारताना तू भराभर बोलायचास. आज अडखळतोयस." मग जरा थांबून, "तुझ्या वडिलांच्या गाडीतून माझी नात येते."

म्हणाल्या, सकाळी आधी मी त्यांच्याकडे जाते, मग गाडी हलेल. तुझं नाव येणार नाही.

पण माझ्याशिवाय हे बाईंना सांगणारं दुसरं आहे कोण? नाव नाही आलं तरी काय.

ही नोकरी सोडून कुठेतरी निघून जावंसं वाटतंय. पण जायचं कुठे? घरापासून लांब तर आधीच आलोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही. कामावर पॅलेट चुकीच्या रांगेत लावली. सुपरवायझर म्हणाला, फोर्कलिफ्ट बंद कर आणि चहा पिऊन ये. चहा गार होईपर्यंत फोनकडेच बघत होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईचा फोन.

बाई उजाडताच दारात आल्या. बाबा चावी घेऊन निघालेच होते. बाई गाडीसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या नाकाकडे बघा." बाबा हसले म्हणे. शाळेच्या बाईंना नाही कसं म्हणणार? उभे राहिले हात बांधून, मुलासारखे. बाईंनी खडू आणला होता सोबत. उजवीकडून आणला: "दिसला." डावीकडून आणला. आणला, आणला, गालापर्यंत आणला. गालाला खडूची पांढरी रेघ उमटली तेव्हा बाबा दचकले.

त्यांनी चावी बाईंच्या हातात दिली. स्वतःहून. मग पायरीवर बसले.

दवाखान्यात नेलं. डोळे ठणठणीत आहेत! डोक्यात मागच्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती, काही आठवडे झाले असतील, दुखलं नाही की खुपलं नाही. दोन्ही डोळ्यांची डावी बाजू तिथे गेली. परत येईल असं काही डॉक्टर म्हणाले नाहीत. दुसरी गुठळी येऊ नये म्हणून गोळ्या दिल्यात. ती आली असती तर... आई तिथेच थांबली.

गाडी चालवायची नाही. कुठलीच. कधीच.

"कुणी सांगितलं ते विचारलं त्यांनी?"

"नाही," आई म्हणाली. "विचारायला कशाला हवं."

२ मार्च, रविवार

फोन करतो. आई उचलते. मागे आवाज येतो, खोकल्याचा, पाण्याच्या तांब्याचा. पूर्वी निदान "जेवलास?" तरी होतं.

पोरांसाठी शाळेने दुसरी गाडी लावली. बाबांची अंगणात उभी आहे. आई सांगत होती, रोज सकाळी ठरल्या वेळी उठतात, आंघोळ करतात आणि गाडीत जाऊन बसतात. स्टिअरिंगवर. इंजिन बंद. शाळा भरायची वेळ झाली की उतरून येतात. मी बोलावत नाही, म्हणाली. बसू दे.

मी एकटाच उडालो आज. म्हैस घेऊन. उंच गेलो, खाली एकही भिंगरी नव्हती. उगाच इकडेतिकडे वळत बसलो, वळू नये ते माहीत असून. मागून कोणीतरी आलं आणि मारलं. बरं वाटलं!

६ मार्च, गुरुवार

आज गोदामात एक जण फोर्कलिफ्टच्या डाव्या अंगाने चालत गेला. मी केवढ्याने ब्रेक मारला. तो कुठल्या कुठे होता. सगळे हसले. भोंगा हसला नाही.

११ मार्च, मंगळवार

आईला विचारलं, काही बोलतात का माझ्याबद्दल?

"तुझ्याबद्दल नाही. पण काल जेवताना स्वतःच ताट फिरवलं."

खोलीत सामान बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या शहरात काम आहे म्हणे, जहाजांवर. सोडलं परत. भोंगा म्हणाला, "बांधताना एवढा आवाज करतोस, सोडताना एवढा गप्प का?" मी म्हटलं, झोप तू.

इथला पत्ता त्यांच्याकडे आहे. नवीन ठिकाणचा नसता.

१६ मार्च, रविवार

सकाळी एकटाच वर चढत होतो. बाजूला कोणीतरी आलं. बघतो तर म्हैस. मी वेग कमी केला, तिनेही केला. मला वाटलं, आता सरकत सरकत डाव्या बाजूला जातील, नेहमीसारखे. गेले नाहीत. माझ्या उजव्या बाजूला येऊन राहिले. पंखाला पंख. हेडफोनमध्ये नुसता श्वास.

मी विचारलं, "बाबा, दिसतो का मी?"

"नाही दिसत," म्हणाले. "तू बोलत राहा."